शेवटच्या नऊ काड्या

सोनवणे मास्तर पियानोकडे पाठ करून उभे राहायचे. तोंड भिंतीकडे, दोन्ही हात मागे बांधलेले, वर्गात शिक्षा झाल्यासारखे. मग म्हणायचे, "हां, दाब." मी पट्टी दाबायची, एकदा हळू, एकदा जोरात. मग खालच्या दोन, मग मधल्या दोन. पाच-सहा सूर झाले की भिंतीलाच सांगितल्यासारखं ते बोलत, "हातोड्याची दांडी लाकडी. टोकाला रबर. झाकण गोल असंल. पंचाहत्तरच्या आधीचा माल आहे." आम्ही झाकण काढून आतल्या लाकडी पट्टीवरचा शाईचा शिक्का बघायचो. चार आकडे असत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. बहुतेक वेळा मास्तर बरोबर निघत.

सुरतेत, नवागामच्या रेल्वे रुळाला लागून त्यांचा एक गाळा होता. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट सांगतोय. विजेवर चालणारे जुने अमेरिकन पियानो त्या गाळ्यात येत आणि तिथून जात. त्यांच्यात तारा नसतात. प्रत्येक पट्टीमागे पोलादाची एक बारीक काडी असते. हातोडा काडीवर आपटतो, समोरचं लोहचुंबक तिची थरथर उचलतं आणि स्पीकरमधून सूर येतो. असे पियानो तेव्हा कुणी बनवत नव्हतं. ऑर्केस्ट्रावाल्यांनी केव्हाच काखेत मावणारे जपानी कीबोर्ड घेतले होते. पण मुंबई, बडोदा, गोव्याकडचे काही लोक अजून तोच जुना आवाज मागायचे आणि निवडून घ्यायला मास्तरांकडे यायचे.

माल यायचा अलंगहून. तिथे जहाजं तोडतात. प्रवासी जहाजांतल्या नाचघरांत हे पियानो असत. जहाज तुटलं की खुर्च्या, आरसे, बेसिन यांच्यासोबत तेही भंगारात निघत. भेस्तानचा हसमुखभाई भंगारवाला ते उचलून टेंपोने मास्तरांच्या दारात आणून उतरवायचा. "लो मास्तर, तमारो दरियानो मेहमान आव्यो," म्हणायचा.

लोकांना वाटायचं मास्तर शौकीन आहेत. मलाही तसंच वाटायचं. खरी गोष्ट मला फार उशिरा कळली, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं माझं वागणं तुम्हाला नीट मोजता येणार नाही. मास्तरांचा धाकटा भाऊ यशवंत एका परदेशी प्रवासी जहाजावर पियानो वाजवायला होता. चौऱ्याहत्तर साली मुंबईहून चढला. दोन वर्षं पत्रं आली. मग कंपनीचं एक पत्र आलं, की दोन बंदरांच्या मधे तो जहाजावर आढळला नाही. एवढंच. पडला, उडी मारली की कुठे उतरून गेला, काही नाही. जहाज पुढे विकलं गेलं, त्याचं नाव बदललं, पुन्हा विकलं गेलं. अलंगला येईस्तोवर जहाजाचं चौथं-पाचवं नाव चालू असतं. नावाने शोधायची सोय नव्हती. मास्तर यशवंतचा पियानो शोधत होते. साल, झाकण, हातोडे, हे सगळं ते त्यासाठी शिकले होते.

मी सुरतेत फिटर होतो. माझं गाव अमळनेरकडचं. सहावीत शाळा सुटली आणि चुलत्याबरोबर इकडे आलो, सांचाखात्यात. सांचा म्हणजे यंत्रमाग. आधी बॉबिन भरल्या, मग कारागीर झालो, मग सांचे दुरुस्त करायला लागलो. मास्तर भेटले तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, बायको सुनंदा आणि एक मुलगी होती, आणि रोज सकाळी वाटायचं की आज शेठ काढून टाकेल. काढण्यासारखं मी काही केलेलं नसायचं. तरी वाटायचं.

एका दुपारी खात्याच्या दारात एक उंच, वाळलेला माणूस उभा राहिला. पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, खिशाला दोन पेनं. आत चोवीस सांचे चालू. शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही अशा जागी हा माणूस डोळे मिटून उभा. मी बाहेर आलो.

"क्या चाहिए?"

"माझं काही नाही. तुमचा डावीकडून तिसरा लंगडतोय."

"कौन लंगड़ा रहा है?"

"सांचा हो. एक ठोका उशिरा पडतोय त्याचा. आज-उद्या धोटा उडंल, कुणाच्या तरी डोळ्यात जाईल."

मी मनात म्हटलं, येडा आहे. पण शेठची भीती काही बसू देईना. तिसरा सांचा थांबवून बघितला तर धोटा फेकणाऱ्या मारदांडीचा बोल्ट निम्मा बाहेर आलेला. परत दाराशी गेलो तोवर माणूस नाक्यापर्यंत पोचला होता. मी मागे धावलो. त्यांनी माझं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, "कोठला तू? अमळनेर? मंग इतलं हिंदी कसाले झाडस?" ही तर आमची बोली होती. मास्तरांची आई आमच्याच बाजूची. ते वाढले मात्र भुसावळला, रेल्वे कॉलनीत. वडील रेल्वेच्या नाचाच्या हॉलमधे झाडू मारायला होते. साहेब लोक गेले, त्यांचा पियानो राहिला आणि झाडणाऱ्याची दोन पोरं एकाच बाकावर बसून त्यावर शिकली. नंतर मास्तर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागले, सुरतेला बदली झाली, इथेच राहिले. लग्न केलं नाही. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवायचे, चौदा एप्रिलला वस्तीत फुकट वाजवायचे.

त्या दिवसापासून रविवारी आणि पाळी सुटली की मी त्यांच्या गाळ्यावर. पियानोचे पाय जोडायचे, बिजागऱ्या, अडकलेल्या पट्ट्या, मोडक्या हातोड्यांच्या दांड्या, हे माझं काम. काड्यांच्या भागाला मात्र मास्तर कुणाला हात लावू देत नसत. सुरात बसवायचं काम ते शटर अर्धं ओढून, एकटे, पाठमोरे करायचे. तेव्हा मी बाहेर चहा करायचो.

नवा पियानो आला की त्यांचा एक क्रम ठरलेला. आधी झाकण उघडून वास घ्यायचे. "बिडी नाही, सिगार. पैशेवाल्यांचं जहाज." मग सगळ्या पट्ट्या काढून खालची धूळ कागदावर पाडायची. त्या धुळीत काय काय निघायचं. केसांच्या पिना, परक्या देशांची नाणी, बदामाची सालं, एकदा लहान मुलाचा दुधाचा दात. ते सगळं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जायचं. डबा हलवला की मला कसंतरी व्हायचं. शेवटी हातोडे. हातोड्याच्या टोकावर काडी आपटून आपटून चरा पडतो. कुठला चरा किती खोल, यावरून ते आधीच्या वाजवणाऱ्याबद्दल बोलायचे, जसा तो माणूस आत्ता पाणी प्यायला बाहेर गेलाय.

"हा डाव्या हाताचा आळशी होता. आणि ही बघ, ही एकच पट्टी इतकी ठोकलीय. रागीट होता. किंवा बाई कुणी दिसली की तिच्यासाठी एकच गाणं."

"मास्तर, मेला असंल का तो?"

"आपल्याला काय माहीत. वाजवणं थांबलं एवढं दिसतं."

गिऱ्हाइकाला पियानो निवडून देण्याची त्यांची रीत वेगळीच होती. एकदा मुंबईचा एक तरुण आला, केस वाढवलेला, बोलणं जोरात. त्याला जुन्यातला जुना पाहिजे होता. मास्तरांनी त्याला चहा दिला, तासभर बोलत ठेवलं, पियानो दाखवलाच नाही. मग म्हणाले, "जुना तुमच्या कामाचा नाही."

"क्यों? पैसा कम है क्या मेरे पास?"

"पैशाचं नाही हो. जुना म्हणजे तांब्यातून तांब्यात पाणी ओतावं असा बोलतो. तुम्ही ओरडणार, तो बुडणार. मधल्या सालातला म्हणजे जेवताना ताटाला वाटी लागावी तसा. तोही नाही. तुम्ही शेवटच्या काळातला घ्या, सपाट झाकणाचा. काचेच्या ग्लासावर चमचा. तुमच्या आवाजाच्या वर निघंल."

तरुण चिडून गेला. आठ दिवसांनी परत आला आणि सपाट झाकणाचाच घेऊन गेला. मास्तर त्याला टेंपोपर्यंत पोचवायला गेले, वाकून पियानोच्या अंगाला काहीतरी म्हणाले. काय ते मी विचारलं नाही.

हसमुखभाई त्यांना फसवायला टपलेला असायचा. पैज चहाची. एकदा त्याने पियानो आणून लावला, मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे, मी पट्ट्या दाबतोय. मास्तर म्हणाले, "जुना. गोल झाकण."

हसमुखभाई हसायला लागला. "फरी जुओ मास्तर, सपाट छे. चाय पिवडावो."

मास्तर वळले. झाकण खरंच सपाट होतं. त्यांनी झाकणावर टिचकी मारली, स्क्रू बघितले. "हसमुखभाई, टोपी नवी, डोकं जुनं. कुठल्या पियानोची टोपी ह्याला घातली?" शिक्का बघितला तर बहात्तरचा. हसमुखभाईने मुकाट्याने चहा सांगितला. अदलाबदल त्यानेच केली होती की जहाजावरच कुणी, ते त्याने शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

माझ्यावर त्यांचा एक मोठा उपकार आहे. आलेल्या प्रत्येक पियानोची नोंद ते एका जाड वहीत ठेवत: शिक्का, झाकण, हातोडे, आवाज कसा. एका रविवारी वही माझ्यासमोर टाकली. "आजपासून तू लिही."

"मास्तर, माझं सहावीतच सुटलं. अक्षर कोंबडीचं."

"मग कोंबडीच्या अक्षरात लिही. पण आवाज कसा ते तुझ्या शब्दात. माझे चोरायचे नाहीत."

पंधरा वर्षांत मी सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. पहिल्या नोंदीला मला अख्खी दुपार लागली. लिहिलं, 'आवाज ओल्या कापडासारखा.' त्यांनी वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "पिळलेल्या का न पिळलेल्या?" मी पुन्हा पट्टी दाबली, पुन्हा ऐकलं. 'न पिळलेल्या' असं जोडलं. आज हे लिहितोय ते त्या वहीमुळे. शाळेने मला सोडलं होतं, किंवा मी शाळेला. त्या माणसाने ते विचारलंही नाही.

त्यांना काहीतरी द्यावं असं मला फार वाटायचं. माझ्याकडे देण्यासारखा एकच माल होता, हातातलं काम. इथूनच माझी चूक सुरू होते.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात हसमुखभाईने एक पियानो उतरवला. बाहेरचं काळं कातडं समुद्राच्या हवेने पांढरं पडलेलं, झाकण गोल. मास्तरांना नवापूरला लग्नाच्या ऑर्केस्ट्राला जायचं होतं, गाडी तासाभरात. तरी त्यांनी झाकण उघडलं, शिक्का बघितला. शेवटचे दोन आकडे चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तरचे आधीही दोन येऊन गेले होते, पण या वेळी त्यांनी पट्टी दाबायला सांगितलं नाही. बराच वेळ आत बघत राहिले. मग झाकण लावलं.

"मी नवापूरहून तसाच अमळनेरला जातो. बहिणीकडे काही कागद आहेत, ते घेऊन येतो. चार दिवस लागतील. तोवर हा असाच राहू दे. धूळ काढ फक्त."

त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, माल खराब निघालाय आणि मास्तर मनातून खचले आहेत. त्यांनी कधी नव्हे ते गाळ्याची किल्ली माझ्याकडे दिली होती. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी धूळ काढायला झाकण उघडलं. काड्यांचा तो भाग पहिल्यांदाच इतक्या जवळून, एकट्याने बघत होतो. त्र्याहत्तर काड्या, लांबपासून आखूडपर्यंत. प्रत्येकीवर तारेची एक छोटीशी स्प्रिंग गुंडाळलेली. पण स्प्रिंगा सगळ्या वाकड्यातिकड्या. एक टोकाशी, दुसरी दोन सूत मागे, तिसरी पार आत. मी सांचेवाला. आमच्याकडे ताण्याचा एक धागा ओळीबाहेर गेला तरी कापड बाद. मला दिसलं ते असं, की जहाज तोडताना, टेंपोत आदळताना सगळ्या स्प्रिंगा जागच्या सरकल्या आहेत. म्हणून मास्तर खचले.

मी चिमटा घेतला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला आणि प्रत्येक स्प्रिंग त्या दोऱ्यावर आणली. तीन दुपारी लागल्या. शेवटच्या नऊ काड्या इतक्या आखूड होत्या की त्यांच्यात माझा चिमटा जाईना. त्या तशाच राहिल्या, याचं मला वाईट वाटलं. बाकीची रांग इतकी सरळ आली होती की मी सुनंदाला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "दोरी धरून आखल्यासारखी आलीय."

मास्तर परत आले ते पिवळ्या रुमालात बांधलेला पत्रांचा गठ्ठा घेऊन. चप्पल न काढता पियानोपाशी गेले. भिंतीकडे नाही गेले. स्वतःच मधली एक पट्टी दाबली. मग शेजारची. मग आणखी एक. कुठलाच सूर कुठल्याच सुराचा नातेवाईक नव्हता.

"कोणी उघडलं?"

"मी, मास्तर. सगळ्या स्प्रिंगा सरकल्या होत्या. रांगेत आणल्या."

त्यांनी झाकण काढलं. वाकून बघितलं. माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे, आता शाबासकी येईल म्हणून.

"फार सुंदर काम केलंस रे," ते म्हणाले. आणि खाली फरशीवर बसले.

काडीवरची स्प्रिंग जिथे असेल त्यावर त्या काडीचा सूर ठरतो. टोकाकडे नेली की सूर उतरतो, मागे नेली की चढतो. म्हणून त्या वाकड्यातिकड्या असतात. वाजवणाऱ्याने आपल्या कानाने एकेक बसवलेली असते. हे मला त्या फरशीवर बसून त्यांनी समजावलं, वहीतली नोंद समजावावी तसं, आवाज न चढवता. मग रुमालातलं एक पत्र काढून वाचून दाखवलं. यशवंतचं. भुसावळच्या हॉलमधल्या त्या जुन्या पियानोचा गंधार कायम केसभर उतरलेला असायचा. दोघा भावांचे कान त्यावरच तयार झालेले. यशवंतने लिहिलं होतं, 'इथला पियानो कोरा आला आहे, पेटीतून मीच बाहेर काढला. सगळे सूर इतके शहाण्यासारखे वागतात की मला परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं होतं. म्हणून मी याचे सगळे गंधार आपल्या हॉलसारखे उतरवून ठेवले आहेत. बँडमास्तर अर्धा बहिरा आहे, त्याला कळत नाही.'

सालं, झाकणं, हातोडे यांनी शोध फक्त जवळ आणता आला असता. शेवटची खूण हीच होती; त्या दिवशी झाकणाआत ते तीच बघत राहिले होते. आणि ती मी दोरा लावून पुसली होती.

मी वाकलो. पाय धरायला गेलो तर त्यांनी धरू दिले नाहीत. म्हणाले, "एक बी सोडी नही का?"

"शेवटच्या नऊ राहिल्या मास्तर. चिमटा जात नव्हता."

ते उठले. या पियानोंची सगळ्यांत शेवटची पट्टी गंधाराचीच असते. त्यांनी ती दाबली. पुन्हा दाबली. दहा-बारा वेळा. मग माझ्याकडे बघितलं. तसं बघणं त्यांचं मी कधी बघितलं नव्हतं.

"मला फक्त लाकडाचा टक् ऐकू येतो," ते म्हणाले. "वरचे सूर जाऊन दोन-तीन वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही." तेव्हा मला आठवलं, भिंतीकडे तोंड करून ते नेहमी खालच्या आणि मधल्या पट्ट्याच मागायचे. "तू ऐक. तुझ्या कानावर भरवसा आहे माझा. वहीत तू बरोबर लिहितोस. सरळ आहे का उतरलाय?"

त्यांनी मला बसवलं आणि ऑर्केस्ट्रात न्यायच्या आपल्या जपानी कीबोर्डवर तोच सूर लावून दिला, ताडून बघायला. मी एकदा इकडे दाबलं, एकदा तिकडे. दिवसाचे बारा तास सांच्यांत काढलेले माझे कान. दोन्हीकडे मला एक बारीकशी टिणटिण ऐकू येत होती. सारखी होती की वेगळी, मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. मास्तर बाजूला उभे होते, पत्र हातात.

मी म्हणालो, "उतरलाय."

"किती?"

"केसभर."

त्यांनी पत्राची घडी घातली. रुमालात ठेवली. रुमालाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

त्यानंतर मास्तरांनी नवा माल घेणं बंद केलं. हसमुखभाई दोनदा रिकामा फिरला, तिसऱ्यांदा आला नाही. गिऱ्हाईक आलं तर साल, आवाज सगळं सांगत, पण परवा या, पुढच्या महिन्यात या, असं करून घालवून देत. त्या पियानोला मात्र ते खालच्या टोकापासून सुरात बसवायला लागले. दिवसाला एक काडी, कधी आठवड्याला एक. गंधार आला की पत्र उघडून बघत, मग तो केसभर उतरवत. निम्म्यावर आले आणि थांबले. पुढे कान पोचत नव्हता. मी म्हटलं, "मी बसवू लागू का?" तर म्हणाले, "नको. तिकडचं त्याचं त्याला राहू दे."

माझी झोप गेली. सुनंदाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सांगून टाका जाऊन. कळलं नाही म्हणून सांगायला काय होतं?" रोज ठरवायचो. गाळ्यात शिरलो की मास्तर विचारत, "जेवना का?" आणि माझं सगळं राहून जायचं.

पावसाळ्याच्या शेवटी तापीला पूर आला आणि पूर ओसरल्यावर प्लेगची बातमी. दोन दिवसांत सांचे बंद. तोंडाला रुमाल बांधून लोक उधना स्टेशनकडे पळत होते, आमची सगळी खानदेशी वस्ती गाठोडी घेऊन निघाली. निघायच्या आदल्या दुपारी मी मास्तरांकडे गेलो. दोन गोष्टी मनात होत्या. त्यांना बरोबर न्यायचं, आणि खरं सांगून टाकायचं. सांगितलं तर त्यांना इथे अडकवणारं काही उरणार नाही, एवढं मला कळत होतं.

"चला मास्तर. आमच्या घरी राहा. दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा पळालेत म्हणतात."

"तुम्ही जा. पोरीला सांभाळ. नाकाला रुमाल ओला करून बांध."

"आणि तुम्ही?"

"मी कसा येऊ? तो इतला दूरथीन उना," ते म्हणाले, "आणि आता मी दार लावून जाऊ?"

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्यामुळे कळलं रे. नाहीतर हाही गेला असता, बाकीच्यांसारखा."

मी तोंड मिटलं.

दीड महिन्याने परत आलो. गाळ्याला दुसऱ्याचं कुलूप होतं, दिवाळीनंतर तिथे टायरवाला बसला. आजाराने गेले असं कुणी म्हणालं नाही. हसमुखभाई म्हणाला, एक टेंपो आला होता, माणूस आणि पियानो दोन्ही घेऊन गेला, कुठे ते ठाऊक नाही. मी अमळनेरला बहिणीकडे गेलो. तिथे नव्हते. भुसावळलाही चौकशी केली. बहिणीने मलाच विचारलं, त्याला तो पियानो खरंच सापडला होता का. मी हो म्हणालो. दुसऱ्यांदा.

त्यांना शेवटचं बघितलं ते सुरत सोडताना, गाडीतून. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. डब्यात माणसावर माणूस, मी दारात एका पायावर, मुलगी खांद्यावर. उधन्याहून निघालेली गाडी नवागामला रेंगाळत चालली होती. वस्ती रिकामी. दारांना कुलपं, रस्त्यावर एक सायकल आडवी पडलेली. गाळ्याचं शटर पूर्ण वर होतं, मी तसं कधी बघितलं नव्हतं. मास्तर पियानोपुढच्या बाकावर बसले होते. तोंडाला रुमाल नव्हता. हात चालत होते, पण गाडीच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. बाक लांब होता, दोन माणसांचा. ते पार डाव्या कडेला अंग चोरून बसले होते, आणि बाकाची उजवी, वरच्या सुरांकडची बाजू त्यांनी हाताने पुसून ठेवल्यासारखी मोकळी होती.